ऑफिस टाइम (टेबल रोज) पावसाळ्यात कसं टिकवायचं? बेळगाव, खानापूर, अथणी, निपाणीवाले सांगा

अनगोळची_गच्ची:
नमस्कार मंडळी. मे संपत आला, वळीव पडायला लागलेत आणि गच्चीवरच्या ऑफिस टाइमच्या कुंड्या आत्ता कुठं भरून फुलल्यात, राणी कलर, केशरी, लिंबू पिवळा, पांढरा सगळे आहेत. आता प्रश्न असा की मिरीग आला की ह्यांचं करायचं काय? शेजारच्या काकू म्हणतात ते सीझनल असतंय, टाकून द्यायचं आणि होळीच्या सुमारास नर्सरीतनं नवीन आणायचं. मुलगी म्हणते वरती प्लास्टिक शीट घालूया. नर्सरीवाला म्हणाला काय होत नाही ओ ताई, रोज पाणी घाला. तर आपल्या भागात ज्यांनी हे झाड वर्षानुवर्षं ठेवलंय त्यांनीच सांगा, पुण्या-मुंबईचे व्हिडिओ ढीगभर बघून झालेत.

वडगावचा_माळी:
रोज पाणी घाला म्हणणाऱ्याकडनं रोपच आणू नका ओ ताई. ते झाड पानात आन काडीत पाणी साठवून ठेवतंय, वरची दोन बोटं माती वाळली की मगच घालायचं, उन्हाळ्यात गच्चीवर कुंडी लहान असली तर एक दिवसाआड लागतंय ते वेगळं. मी परड्यातल्या कट्ट्याच्या कडेला लावलोय, गावाला गेलो तरी काय फरक पडत नाही. पावसात खरं सगळं कुजतंय, काडी पिवळी पडते, मऊ होते, हात लावला की निसटून येते. मी शीटबिट काय करत नाही. मिरगाच्या आधी प्रत्येक कलरच्या चार काड्या तोडून पत्र्याखाली डब्यात लावतो आन बाकीचं सोडून देतो.

जांबोटी_रोड:
वडगावकर तुमच्याकडं निदान मधनं मधनं ऊन पडतंय. आमच्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडं तर बोलायलाच नको, जूनमध्ये ढग बसले की गणपतीपर्यंत उठत नाहीत, कपडे वाळत नाहीत तिथं हे काय वाळणार. आणि जगलं तरी फूल उघडत नाही, कळ्या येतात, मिटलेल्याच राहतात आणि तशाच गळतात. त्यामुळं माझं स्पष्ट मत, आमच्याकडं हे ऑक्टोबर ते मे एवढंच झाड. उगीच हट्ट करून चार महिने मरतुकड्या काड्या बघत बसायचं नाही. त्या जागी तेरडा लावा, पावसात तो आपसूक येतो.

अथणी_पाटील:
पाऊस? कुठला पाऊस? 😄
आमच्याकडं वर्षभराचा सगळा मिळून बेळगावच्या निम्म्यापेक्षा कमी पडतो. अंगणात ऑफिस टाइम जुलैमध्ये पण फुललेलं असतंय. खरं आमचा त्रास वेगळा आहे, काळी माती. एकदा भिजली की चार दिवस चिकट आन वाळली की हातभर भेगा, भेगात मुळं तुटतात. म्हणून जमिनीत डायरेक्ट लावत नाही आम्ही, आधी वीतभर मुरूम टाकून उंचवटा करायचा आन त्यावर लावायचं. मुरमात काय सत्त्व नसतंय तरी हे झाड खुशीत असतंय, उलट चांगल्या रानातल्या मातीत फुलं कमी आन नुसता पाला जास्त.

अनगोळची_गच्ची:
पाटील, नुसता पाला जास्त हे माझ्या दोन कुंड्यांत पण झालंय! शेणखत भरपूर घातलेल्या आहेत त्या. बाकीच्या जुन्या मातीतल्या कुंड्या मात्र भरून फुलल्यात.

अरभावी_हॉर्टी:
ताई तेच कारण आहे. थोडं सविस्तर लिहितो, कॉलेजात शिकलेलं आता इथं तरी उपयोगाला येऊ दे.

ह्याचं शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. तिथं मेंडोझाच्या बाजूला कोरड्या वाळूच्या जमिनीवर हे पसरलेलं जॉन गिलीज नावाच्या स्कॉटिश डॉक्टरला दिसलं आणि १८२९ मध्ये हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन छापलं. म्हणजे ह्याला पहिल्यापासून सवय कसली तर हलकी रेताड माती, सपाटून ऊन आणि अधूनमधून पाणी. आपण त्याला देतो काय तर शेणखतानं भरलेली काळी-तांबडी माती आणि रोज तांब्याभर पाणी. नायट्रोजन जास्त झाला की ते काड्या आणि पानं वाढवत बसतं, फुलाकडं वळतच नाही. त्या दोन कुंड्यांना आता खत पूर्ण बंद करा, वरनं अर्ध्यापर्यंत छाटा आणि सगळ्यात कडक उन्हाची जागा द्या.

आता पावसाचं. लोकांना वाटतं वरनं पाणी पडलं म्हणून झाड मेलं. पाण्यानं पानाला काही होत नाही, मरतं ते मुळाकडनं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मग त्यात बुरशी शिरते आणि ती खोडातनं वर चढते. त्यामुळं पाणी थांबणार नाही अशी माती असेल तर बेळगाव शहरात बऱ्यापैकी पाऊस हे झाड झेलतं. एक भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मिळाला तर मूठ दोन मूठ विटांचा चुरा. नदीची वाळू आता मिळत नाही, एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या पण धुऊन घ्या, त्यातली पावडर तशीच गेली तर सिमेंटसारखा थर बसतो. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घालू नका, कमीत कमी पावसाळ्यात तरी नको, ते पाणी धरून ठेवतं. नर्सरीतनं आणलेली रोपं बहुतेक कोकोपीटमध्येच असतात, आणली की मूळ हलकं झाडून मातीत बदलून घ्या.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या, मुळं फार खोल जात नाहीत. प्लास्टिकपेक्षा मातीची बरी, बाजूनं पण वाळते. खानापूरच्या कुंभारकामाच्या कुंड्या आपल्याला एवढ्या जवळ मिळतात तरी लोक ऑनलाइन प्लास्टिक का मागवतात मला कळत नाही.

जांबोटी_रोड:
सगळं बरोबर पण ऊनच नसेल तर माती बदलून काय करणार?

अरभावी_हॉर्टी:
तुमच्याकडं काहीच नाही करणार 😀 तिथं तुमचंच बरोबर आहे. ह्याला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. ढगाळ हवेत उघडणाऱ्या काही हायब्रिड जाती निघाल्यात, सनडायल म्हणून बियाणं मिळतं ते साध्यापेक्षा लवकर उघडतं आणि जरा उशिरापर्यंत राहतं, पण ढगाळ म्हणजे ढगाळ, कणकुंबी नव्हे.

शहापूर_गल्ली:
शीटचा विषय राहूनच गेला. मी मागच्या गॅलरीत ट्रान्सपरंट पत्रा घातलोय, त्याखाली दोन वर्षं जुनी झाडं अजून आहेत, खोड पार लाकडासारखं झालंय. तेव्हा सीझनल आहे, टाकून द्या, हे मला पटत नाही. परदेशात बर्फ पडतंय म्हणून ते एका वर्षाचं, आपल्याकडं थंडीत मरण्याएवढं काय होत नाही. खरं दोन गोष्टी. एक म्हणजे पत्रा पारदर्शकच पाहिजे आन बाजू चारी मोकळ्या, नाहीतर आत वाफ धरते आन जास्त कुजतंय. दुसरं, ते हिरवं नेट लावतात ना लोक, ते ह्याच्यावर अजिबात लावू नका. पाऊस अडत नाही, ऊन तेवढं अडतंय. काड्या लांबट होऊन लोंबतात, फूल शून्य. नेट हे ऑर्किड आन फर्नचं काम.

वडगावचा_माळी:
दोन वर्षं जुनं लाकडी खोड ठेवून काय करणार ओ? फुलं नव्या फुटव्याला जास्त येतात. जुनं झाड खाली रिकामं होतंय आन टोकाला चार फुलं. काडी नवीन लावली की महिन्या-दीड महिन्यात कुंडी भरते. मी तरी म्हणणार काडीच भारी.

शहापूर_गल्ली:
छाटायचं ना मग अर्ध्यावर, खालनं फुटतंय परत. माझी गॅलरी येऊन बघा एकदा.

वडगावचा_माळी:
येतो की, चहा ठेवा.

निपाणीची_सून:
काडीचं सगळे बोलले, बियाचं मी सांगते. साध्या एकेरी फुलांना फूल मिटल्यावर बारकी बोंडं येतात, टोकदार टोपीसारखी. पिकली की ती टोपी आपोआप उडते आणि खाली वाटीत काळं-करडं चमकदार बी दिसतं, खसखशीपेक्षा बारीक. टोपी उडायच्या आधी बोंड पिवळसर झालं की कागदात काढून घ्यायचं, नाहीतर वाऱ्यानं सगळं जातं आणि पुढच्या वर्षी फरशीच्या फटीत, गटारीच्या कडेला, सगळीकडं उगवतं. आमच्या दारात तसंच उगवलेलं आहे, कुणी लावलेलं नाही आणि कुणी पाणी पण घालत नाही.

पेरताना बियात मूठभर बारीक वाळू मिसळून मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरनं माती टाकायची नाही. ह्या बियाला उजेड लागतो, पुरलं की उगवत नाही. पाणी स्प्रेनं, तांब्यानं घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात. ऊब असली की आठ-दहा दिवसांत हिरवं दिसायला लागतं, पण आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पेरलं तर फार रेंगाळतं, म्हणून मी संक्रांत झाल्यावर थांबून फेब्रुवारीतच पेरते. आणि राणी कलरचं बी लावलं म्हणून राणी कलरच येईल असं नाही, मधमाश्या सगळ्या कुंड्यांवर फिरत असतात. कलर तोच पाहिजे असेल तर काडीच लावा. गच्च पाकळ्यांच्या डबल फुलांना बी क्वचितच धरतं, त्यांना काडीशिवाय इलाज नाही.

अनगोळची_गच्ची:
वैनी बियाचं मस्त सांगितलंत. अजून एक, माझ्याकडं एका कुंडीतली पानं चपटी, गोलसर आहेत, बाकीची सुईसारखी. नर्सरीवाल्यानं दोन्ही टेबल रोज म्हणूनच दिली. आणि चपट्या पानाचं बघून सासूबाई म्हणाल्या ही तर घोळीची भाजी, तोडून डाळीत घाल!

अरभावी_हॉर्टी:
डाळीत घालू नका 😀 सुईसारखी पानं ती ग्रँडिफ्लोरा. चपट्या पानाची शोभेची जात वेगळी, तिला दुकानात पर्सलेन म्हणतात. घोळीची भाजी ही त्यांच्याच घरातली, पोर्टुलाका ओलेरेसिया, तिची फुलं बारकी पिवळी आणि देठ लालसर. ह्या तिन्हींत भाजी करतात ती हीच. नर्सरीतल्या रोपांवर कसली औषधं मारलेली असतात सांगता येत नाही, म्हणून शोभेचं ते शोभेलाच ठेवा. आणि ह्या सगळ्यांत ऑक्सॅलेट असतं, मांजर-कुत्रं कुंडीत तोंड घालणारं असेल तर जरा उंचावर ठेवा. बाकी काळजी दोन्हीची सारखीच, चपट्या पानाचं वाढतं थोडं जोरात आणि लोंबत्या कुंडीला तेच चांगलं दिसतं.

हिंदवाडी_मास्तर:
रिटायर झालोय, सकाळी दहाला दुसरं काम नसतं, म्हणून ह्या फुलांकडं बघत बसतो. दोन गमती सांगतो, पोराबाळांना दाखवा. पूर्ण उमललेल्या फुलाच्या मधल्या पुंकेसरांना काडेपेटीच्या काडीनं एका बाजूनं हलकं टेकवा, ते हळूच त्याच बाजूला वळतात. माशी येऊन बसली की तेच होतं आणि पराग तिच्या अंगाला लागतात. दुसरी, ह्या फुलांचा रंग गुलाब-जास्वंदाच्या रंगद्रव्यातला नव्हे, बीट आणि राजगिऱ्याच्या गटातला आहे, बेटालेन म्हणतात त्याला. बोगनवेलीत पण तोच. राणी कलर आणि पिवळा हे त्याचेच दोन प्रकार.
फूल एकच दिवस टिकतं, दुपारी दोन-तीनला मिटलं की संपलं. तेव्हा संध्याकाळी पाहुणे बोलावून फुलं दाखवायच्या भानगडीत कुणी पडू नये.

अनगोळची_गच्ची:
मास्तर मुलीनं लगेच जाऊन काडीनं करून बघितलं, खरंच वळले! शाळेला उशीर झाला ते सोडा.

भालकीकर:
बिदरकडनं लिहूलालोय, आमच्याकडं मे महिन्यात चाळीसच्या वर जातंय. गच्चीच्या स्लॅबवर डायरेक्ट कुंडी ठेवली की खालनं मुळं भाजतात, ह्या झाडाला ऊन आवडतंय म्हणून तव्यावर ठेवायचं असं नाही. खाली दोन विटा ठेवा, हवा खेळते आन पावसात भोकातनं पाणी पण निघून जातंय. पाणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. जुने तेलाचे डबे, फुटके माठ, गाडीचे टायर, कशात पण येतंय हे, भोकं तेवढी मोठी पाडा.
एक विचारायचं होतं. दुपारी पानं जरा सुरकुततात आन सकाळी परत टवटवीत, हे पाणी कमी पडूलालंय म्हणून का?

अरभावी_हॉर्टी:
सकाळी परत टवटवीत होत असेल तर काळजी नाही. पाणी कमी झालं की हे झाड आपली पद्धत बदलतं. एरवी ते मका-ऊसासारखं दिवसा काम करतं, त्याला सी-फोर म्हणतात, पण पाण्याचा ताण बसला की निवडुंगासारखी पद्धत पण सुरू करतं, रात्रीचा कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरायचा, म्हणजे पाणी कमी उडतं. दोन्ही पद्धती एकाच झाडात असणं फार दुर्मिळ आहे. पानं सकाळी पण सुरकुतलेलीच दिसली तर मात्र पाणी घाला. आणि माती ओली असून पानं सुरकुतली तर उलटं समजा, मुळं गेलीत, ताबडतोब वरच्या चांगल्या काड्या तोडून वाचवा.

टिळकवाडी_अक्का:
मध्येच घुसते. माझ्या कुंड्यांत काडीच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं दिसूलालंय आणि मुंग्यांची रांग. पावसाआधी हे घालवलं पाहिजे ना?

निपाणीची_सून:
मिलीबग नावाची कीड आहे अक्का. मुंग्या त्याचा गोड चिकट रस खायला येतात आणि त्याला एका कुंडीतनं दुसऱ्या कुंडीत नेतात. ती कुंडी आधी लांब ठेवा. फार लागलेल्या काड्या तोडून पिशवीत बांधून टाका, खताच्या खड्ड्यात नको. बाकीच्यांवर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, ऊन उतरल्यावर, आठवड्यानं परत. आणि त्या कुंडीतल्या काड्या पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, कितीही चांगला कलर असला तरी. पावसात दुसरा शत्रू गोगलगाय, ती रात्री येऊन कोवळी टोकं खाते, बॅटरी घेऊन वेचायची, दुसरं काही नाही.

अनगोळची_गच्ची:
बरं तर मी आता असं करणार. प्रत्येक कलरच्या काड्या तोडून पत्र्याखाली, दोन मोठ्या मातीच्या कुंड्या वाळूच्या मातीत बदलून पावसातच ठेवणार विटांवर, बाकी सोडून देणार. शीटचा खर्च नको, शहापूरवाल्यांनी रागावू नये. काडी किती लांब घ्यायची आणि तोडल्या तोडल्या लावायची का?

वडगावचा_माळी:
बोटभर लांब, ज्याला फूल-कळी नाही अशी. कळी असली तर खुडून टाका. खालची पानं काढा, सावलीत दिवसभर वाळू द्या, तोडलेलं तोंड सुकलं पाहिजे, मग ओलसर वाळूत खोचा. पहिले दोन-तीन दिवस पाणी नाही. आठ-पंधरा दिवसांत ओढून बघा, हाताला जोर लागला की मूळ आलं. डबा पागोळीखाली येणार नाही एवढं बघा, पत्र्याखाली ठेवतात आन नेमकं पागोळीत. जूनभर खत नाही काय नाही, जिवंत राहिलं तरी पुष्कळ. ऑक्टोबरमध्ये ऊन खुललं की शेंडे खुडायचे, दिवाळीला कुंडी भरलेली.

जांबोटी_रोड:
पत्र्याखाली उजेड मात्र पाहिजे, कोठीच्या अंधारात ठेवून पांढऱ्या काड्या काढू नका.

भालकीकर:
काड्या पोस्टानं येतील का? आमच्याकडं केशरी डबल कुठंच मिळत नाही.

निपाणीची_सून:
येतात की. पाणी न मारता कोरड्या पेपरात गुंडाळायच्या, प्लास्टिक अजिबात नको, खोक्याला दोन भोकं. चार-पाच दिवस सहज राहतात, पोचल्यावर कोमेजलेल्या दिसल्या तरी टाकू नका, वाळूत लावा. माझ्याकडं केशरी डबल आहे, मेसेज करा. बदल्यात मला पिवळी डबल पाहिजे, कुणाकडं?

शहापूर_गल्ली:
पिवळी डबल माझ्याकडं आहे, त्याच जुन्या लाकडी खोडावर 😏 रविवारी सकाळी दहाच्या पुढं या, त्याआधी फुलं उघडलेली नसतात, कलर कळणार नाही. वडगावकर येणारच आहेत, त्यांच्याकडं देतो म्हटलं तरी चालेल, खरं त्यांनी वाटेत छाटायला नको.